'रिव्हर्बरेट'चा नेमका अर्थ काय? सगळीकडे 'प्रतिध्वनी' चालेल का?

अनुस्वार | मंगळवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

मी मालिका आणि चित्रपटांसाठी मराठी कॅप्शन लिहिते. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी असतात ती, म्हणजे संवादांबरोबर कंसात आवाजही लिहायचे: दार करकरतं, कुत्रा गुरगुरतो, लांबून ढोल. एरवी हे काम मजेचं आहे. आवाजाच्या शब्दांना मराठीत तोटा नाही. इंग्रजीवाला 'मेटल नॉइज' लिहून मोकळा होतो आणि मी खणखण, किणकिण, छणछण, ठणठण यांतलं नेमकं कुठलं म्हणून तोच तुकडा चारदा ऐकत बसते.

अडतं ते एकाच ठिकाणी. इंग्रजी कॅप्शनमध्ये एको, रेझोनेट आणि रिव्हर्बरेट असे तीन शब्द येतात आणि आम्हाला दिलेल्या शब्दसूचीत तिन्हीपुढे 'प्रतिध्वनी' एवढंच लिहिलंय. आत्ता हातात असलेल्या भागात तळघरातल्या पार्किंगमध्ये गोळी सुटते, खाली 'गनशॉट रिव्हर्बरेट्स'. तिथे 'गोळीचा प्रतिध्वनी' लिहिलं तर ऐकू न येणारा माणूस काय समजेल? आधी गोळी, मग थोड्या वेळाने पुन्हा तोच आवाज? दोन गोळ्या? तिथे तसं काहीच होत नाही.

दुसरं, हा शब्द आला कुठून? ऑफिसातल्या एकाचं ठाम मत आहे की रि म्हणजे पुन्हा आणि व्हर्ब म्हणजे शब्द, म्हणून रिव्हर्ब म्हणजे 'शब्द परत येणे'. ऐकायला इतकं चपखल आहे की मला शंका येतेय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. शुक्रवारी फाइल द्यायची आहे.

---

बाकावरचा | मंगळवार, रात्री ११:३४

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात रिव्हर्बरेशनला 'निनाद' आहे. प्रतिध्वनी वेगळा, निनाद वेगळा. मार्कांसाठी पाठ केलं होतं, आज कामी आलं. विषय संपला, झोपा.

---

शब्दखोर | बुधवार, रात्री १२:२०

विषय संपला नाही. व्युत्पत्ती राहिली.

अनुस्वारताई, तुमच्या सहकाऱ्याची फोड झकास आहे, पण खोटी आहे. लॅटिनमध्ये दिसायला जुळे आणि रक्ताने परके असे दोन शब्द आहेत. 'व्हेर्बुम' म्हणजे शब्द. इंग्रजीतले व्हर्ब, व्हर्बल, प्रोव्हर्ब त्याची लेकरं आणि खुद्द इंग्रजी 'वर्ड' हा त्याचा लांबचा भाऊ. दुसरा 'व्हेर्बेर', म्हणजे छडी, चाबूक, फटका. निरगुडीचा फोक म्हणतो ना आपण, तसली लवचीक काठी. त्यापासून 'व्हेर्बेरारे' म्हणजे फटके मारणे आणि त्याच्या आधी 'रि' लावला की फटका मारून परत पिटाळणे. आपला रिव्हर्बरेट हा त्या चाबकाचा वंशज, शब्दाचा नव्हे.

(अवांतर: नर्सरीत व्हर्बिना नावाची छोट्या फुलांची रोपं मिळतात. तिचंही नाव याच कुळातलं मानतात. रोमन लोक धार्मिक कार्यांत ज्या डहाळ्या वापरत त्यांना व्हेर्बेना म्हणत. मुळाशी वाकणं, पिळणं हा अर्थ.)

आता इंग्रजीत तो सुरुवातीला कसा वापरला गेला ते सांगतो. सोवळ्यातल्या मंडळींनी हा परिच्छेद सोडून द्यावा. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये समनरच्या (म्हणजे चर्चच्या कोर्टाची समन्स बजावणाऱ्याच्या) तोंडी एक गोष्ट घातली आहे. एक लोभी भिक्षू आजारी माणसाकडे दान मागत खनपटीला बसतो. तो वैतागून म्हणतो, देतो, पण मठातल्या सगळ्यांना सारखं वाटून द्यायचं. भिक्षू शपथ घेतो आणि दान घ्यायला पांघरुणात हात घालतो. तो माणूस त्याच्या हातात पादतो. भिक्षू संतापून गावच्या जमीनदाराकडे फिर्याद नेतो. जमीनदाराला अपमानाचं काही नाही, त्याला गणित पडतं: हे बारा जणांत सारखं वाटायचं कसं? तो म्हणतो, पाद काय किंवा कुठलाही आवाज काय, शेवटी हवेचं 'रिव्हर्बरेशन', आणि ते थोडं थोडं विरत जातं.

सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी हा शब्द आवाजाला लावला गेला तो अशा थोर प्रसंगी.

त्याच काळात तो उष्णता आणि प्रकाशालाही लागत होता. जे आपटून परत फिरतं त्या सगळ्याला. पुढे शेक्सपिअरने 'ट्वेल्फ्थ नाइट'मध्ये टेकड्यांना 'रिव्हर्बरेट हिल्स' म्हटलं, म्हणजे हाक परतवणाऱ्या. 'किंग लिअर'मध्ये तर नुसतं 'रिव्हर्ब' असं क्रियापद आहे. केंट नावाचा सरदार राजाला बजावतो की ज्यांचा आवाज बारीक आणि ज्यात पोकळी घुमत नाही ते रित्या मनाचे नसतात. उथळ पाण्याच्या खळखळाटाचीच गोष्ट, फक्त उलट्या टोकाने. मात्र आजचे गाणारे-वाजवणारे 'रिव्हर्ब' म्हणतात ते शेक्सपिअरकडून आलेलं नाही. ते विसाव्या शतकात रिव्हर्बरेशनची शेपटी छाटून झालंय.

---

पडद्यामागचा | बुधवार, सकाळी ६:५०

मी इंग्रजीचा माणूस नव्हे. नाटकांच्या दौऱ्यांवर ध्वनिव्यवस्था सांभाळण्यात उमर गेली, आता गावातच लग्नं आणि व्याख्यानमाला करतो. हा शब्द मी कोशात वाचलेला नाही, मिक्सरच्या खटक्यावर वाचलाय. पण शब्दखोरांचा चाबूक वाचला आणि म्हटलं, बरोबर. भिंत आवाज परत देत नाही, परत मारते. कोणाला बघायचं असेल तर चैत्रात एखाद्या मंगल कार्यालयात जा.

खाली गुळगुळीत टाइल्स, वर पत्रा, एका बाजूला काच, उरलेल्या तीन बाजूंना ऑइलपेंट. भटजी माइकवर 'सावधान' म्हणतात. त्यातलं 'धान' पुढच्या ओळीखाली लोंबत राहतं. तोवर पुढचं कडवं निम्मं होतं, त्यावर मामांच्या घोषणा चढतात आणि मागच्या रांगेला फक्त 'आ आ आ' ऐकू येतं. मग कोणीतरी धावत माझ्याकडे येतो, "दादा, आवाज वाढवा, मागे कळत नाही." हाच घात. आवाज वाढवला की शेपूटही तेवढंच वाढतं. आम्ही त्याला शेपूटच म्हणतो, इंग्रजीत टेल. स्वर जाड असतात, रेंगाळतात. 'त', 'क', 'प' ही व्यंजनं बारीक आणि क्षणभराची, ती मागच्या स्वराच्या शेपटाखाली चिरडतात. माणसाला ऐकू येत असतं, समजत नसतं. उपाय असा की जाडा आवाज (बेस हो) कापायचा, मोठे दोन स्पीकर बंद ठेवायचे आणि छोटे चार-सहा माणसांच्या जवळ लावायचे. हे वधूपित्याला पटवणं हे वेगळं काम. त्याला मोठे खोके दिसले नाहीत तर पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं.

आता ताईंच्या प्रश्नाकडे.

एको म्हणजे आवाज सुटला, मध्ये जरा गप्प, मग तोच आवाज पुन्हा, ओळखू येईल असा. मध्ये फट पाहिजे. शाळेत ०.१ सेकंद शिकवतात, म्हणजे ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर समोरची भिंत निदान १७.२ मीटरवर हवी. बोलण्याच्या बाबतीत कान त्याच्या निम्म्या वेळातही फट पकडू लागतो, पण पुस्तकातला आकडा धरून चाला.

रिव्हर्ब म्हणजे फट नाहीच. आवाज छताला, फरशीला, खांबांना, पुन्हा छताला असा शेकडो ठिकाणी आपटून येतो आणि हे सगळे फटके इतके लागोपाठ येतात की कानाला एकेक मोजता येत नाही. एक लांबलेला आवाज वाटतो, जो हळूहळू विरतो. तो चॉसरचा जमीनदार म्हणतो तसंच, थोडं थोडं. मला तर त्या माणसाला कामावर ठेवावंसं वाटलं.

रेझोनन्स हे तिसरंच प्रकरण. तिथे भिंतीचा संबंध असेलच असं नाही. सतारीवर मुख्य तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा, ज्यांना कोणी हात लावलेला नाही, त्या आपापल्या सुराला आपोआप थरथरतात. दुसरी वस्तू स्वतः वाजायला लागते. पुस्तकी शब्द अनुनाद. पखवाजाला, डग्ग्याला 'घुमारा' आहे म्हणतो तो या घरचा.

गंमत म्हणजे ऑर्केस्ट्रातले गायक कायम म्हणतात, "दादा, एको वाढवा." त्यांना एको नको असतो. खरा एको दिला तर दुसऱ्या ओळीला सुटतील आणि तिसरीला पडतील. त्यांना रिव्हर्ब हवा असतो, कारण कोरड्या आवाजात प्रत्येक बेसूर जागा उघडी पडते. मी मान डोलावतो आणि रिव्हर्बचं बटण फिरवतो. दोघेही खूश.

आता ज्याने या विरण्याला आकडा दिला त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. १८९५ साल, अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ. फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत बांधली, त्यातलं व्याख्यानगृह वापरता येईना. एक शब्द बोलला की साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तेवढ्यात वक्त्याची एकदोन वाक्यं होऊन जायची. विद्यापीठाने काम सोपवलं वॉलेस सॅबिन नावाच्या २७ वर्षांच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाकडे. त्याने काय केलं, तर जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री, रस्ता शांत झाल्यावर, गाद्या टाकायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी गाद्या. पुन्हा मोजायचं. पहाटे सगळ्या गाद्या परत, कारण सकाळी थिएटरला त्या लागायच्या. यंत्र म्हणजे त्याचे स्वतःचे कान आणि वेळ नोंदणारं एक उपकरण.

या गाद्यांच्या हमालीतून जे सूत्र निघालं ते आजही चालतं: जागेचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि आतल्या वस्तू एकूण जेवढा आवाज गिळतात त्याने भागा. गिळण्याचं माप काय, तर उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे १०० टक्के गिळला. त्या मापाला पुढे त्याचंच नाव मिळालं, सॅबिन. बोस्टनचं सिंफनी हॉल हे या हिशोबावर बांधलेलं पहिलं मोठं सभागृह, १९०० साली उघडलं. सव्वाशे वर्षं झाली, जगातल्या उत्तम सभागृहांत अजून नाव घेतात. आपल्याकडे मुंबईत एनसीपीएच्या टाटा थिएटरचं (१९८०) ध्वनिशास्त्र सिरिल हॅरिसने केलं. तिथे बिनमाइकचा सूर शेवटच्या रांगेपर्यंत जावा अशी मुळातली योजना होती.

हिशोब करून दाखवतो, कारण आमच्या धंद्यातले निम्मे वाद इथे मिटतात. कार्यालय २० मीटर लांब, १५ रुंद, ८ उंच. घनफळ २४०० घनमीटर. गुणिले ०.१६१ म्हणजे साधारण ३८६. रिकामं असताना भिंती-फरशी-पडदे मिळून १५० चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं गिळतात असं धरू. ३८६ भागिले १५०, अडीच सेकंदांच्या वर. भाषणाला हे भयंकर, एक सेकंदाच्या आसपास पाहिजे. आता ४०० माणसं बसवा. एक माणूस कपड्यांसकट ०.४५ धरला तरी १८० ची भर. ३८६ भागिले ३३०, सव्वा सेकंदाच्याही आत. माणसांनी हॉल अर्ध्याहून खाली आणला! म्हणून सकाळी रिकाम्या हॉलमध्ये 'माइक टेस्टिंग' करून जो माणूस सेटिंग पक्कं करतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आणि शालू, पैठण्या, भरजरी फेटे जितके जास्त तितकं मला बरं. हे मी कोणाला तोंडावर सांगत नाही.

दुसरं टोक हवं असेल तर स्कॉटलंडमध्ये इंचिनडाउन नावाच्या ठिकाणी डोंगराच्या पोटात युद्धकाळातल्या तेलाच्या टाक्या आहेत. तिथे १२५ हर्ट्झच्या जाड आवाजाला विरायला ११२ सेकंद लागले, गिनेसमध्ये नोंद आहे. विरायला म्हणजे ६० डेसिबल खाली यायला, आवाजाची ऊर्जा दहा लाखांश उरेपर्यंत. पावणेदोन मिनिटांहून जास्त. तिथे मंगलाष्टकं लावली तर वऱ्हाड जेवून येईल.

---

भट्टीवाला | बुधवार, दुपारी १:१५

शब्दखोरांनी उष्णतेचा उल्लेख करून सोडून दिला, म्हणून लिहितो. मी ॲल्युमिनियम ओतकामात आहे. आमच्याकडे 'रिव्हर्ब' म्हणजे भट्टी. पूर्ण नाव रिव्हर्बरेटरी फर्नेस. आवाजाशी काही संबंध नाही.

हिची खुबी अशी की इंधन आणि धातू एकमेकांना शिवत नाहीत. ज्वाळा एका बाजूने येते, बुटक्या कमानदार छताखालून जाते, छत लालभडक तापतं आणि तिथून उष्णता खालच्या धातूवर आपटते. कोळशातली घाण धातूत उतरू नये म्हणून हा सगळा उपद्व्याप. वेल्समध्ये स्वान्सीच्या भागात तांबं असंच गाळायचे आणि हेन्री कॉर्टने १७८४ मध्ये बिडाचं घडीव लोखंड करायची जी पद्धत काढली तीही याच जातीच्या भट्टीत.

नवीन पोरांना सांगताना मी म्हणायचो, आग वरून मारते. चाबकाचं माहीत नव्हतं तेव्हाही हेच तोंडात यायचं.

---

सोलापुरी चादर | बुधवार, दुपारी ३:४०

एवढी चर्चा आणि विजापूरचा गोल घुमट नाही? आम्हा सोलापूरकरांची प्रत्येक सहल तिथे. वरच्या सज्जात गेलं की मास्तर ओरडायचे "ओरडू नका" आणि तेच सात वेळा ऐकू यायचं. मोहम्मद आदिलशहाची कबर, बाहेरून घुमटाचा व्यास ४४ मीटरच्या घरात. या बाजूला भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या बाजूला, भिंतीला कान लावलेल्याला स्वच्छ ऐकू येतं. हे एको की रिव्हर्ब?

आणि घुमट हा शब्द 'घुमणे'वरूनच ना?

---

शब्दखोर | बुधवार, संध्याकाळी ५:०५

घुमट फारसी 'गुंबद'वरून. घुमणारी वास्तू असल्यामुळे मराठी कानाला ते पटून गेलं, इतकंच. अनुस्वारताईंच्या ऑफिसातला माणूस सोलापूरला भेटला म्हणायचा.

---

पडद्यामागचा | बुधवार, रात्री ९:३०

चादर, तिथे तिन्ही खेळ चालतात. मधोमध टाळी वाजवली की मोजता येईल असा परत परत येतो तो एको. शाळेची सहल आत शिरली की जो कल्लोळ होतो तो रिव्हर्ब. कुजबुज मात्र दोन्हीत नाही. ती गोल भिंतीला घासत, चिकटून पुढे सरकते, मध्यभागी उभ्या माणसाला लागतही नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटात हेच होतं, त्यावर इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने लिहिलं आणि नंतर आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला सेंट पॉल आणि गोल घुमट या दोन्हींवर. प्रकाशाचं नोबेल १९३० चं, पण त्याआधी माणूस तंबोरा, तबला आणि घुमट यांत रमलेला होता. आमच्या जातीचा.

भट्टीवाले, तुमच्याकडचा रिव्हर्ब आणि माझ्याकडचा एकच हो. आमच्याकडेही एके काळी तो लोखंडाचा होता. १९५७ साली ईएमटी नावाच्या जर्मन कंपनीने एक यंत्र काढलं. आत सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर उंच पातळ पोलादी पत्रा ताणून टांगलेला. आवाज पत्र्याला द्यायचा, पत्रा थरथरायचा, ते पुन्हा पकडायचं. पाव टनाहून जड धूड. त्याआधी स्टुडिओवाले एका रिकाम्या खोलीत स्पीकर लावून समोर माइक ठेवायचे. बिल पटनम नावाच्या शिकागोच्या रेकॉर्डिस्टने १९४७ मध्ये त्यासाठी चक्क स्टुडिओचं न्हाणीघर वापरलं. आता तेच काम मोबाइलमधलं ॲप करतं आणि कोणीही घरात गाऊन देवळात गायल्यासारखं करतो. ऐकवत नाही काही वेळा.

---

अनुस्वार | गुरुवार, सकाळी १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. चॉसरचा किस्सा ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, व्हर्बवाले साहेब गप्प आहेत.

आता कामाचं. बाकावरचा यांनी सांगितलेला 'निनाद' मी लावून पाहिला, पण 'गोळीचा निनाद' वाचताना गोळीला हार घातल्यासारखं वाटतं. प्रत्यक्ष जागा देते, मत सांगा:

पार्किंगमधली गोळी, आधी सांगितलीच.

कड्यावर उभी मुलगी भावाला हाक मारते आणि नाव दोनदा परत येतं. इंग्रजीत 'व्हॉइस एकोज'.

चर्चची घंटा, 'बेल रिव्हर्बरेट्स'. घंटा मोकळ्या आवारात, उंच मनोऱ्यावर आहे.

बातमी वाचणारी बाई म्हणते, 'द व्हर्डिक्ट रिव्हर्बरेटेड अक्रॉस द कंट्री'.

---

शब्दखोर | गुरुवार, सकाळी ११:२०

शेवटच्याला डोळे मिटून 'निकालाचे देशभर पडसाद उमटले'. वर्तमानपत्रांनी हा शब्द इतका झिजवलाय की त्यात मूळचा आवाज आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. संस्कृत शब्द, प्राकृत सद्द, मराठी साद. आणि प्रतिचा झाला पड. म्हणजे अक्षरशः प्रतिध्वनीच. इंग्रजी 'रिपर्कशन' याच वाटेने गेलाय. लॅटिनमध्ये तो उलट ठोकणं, आणि इंग्रजीत आधी परतलेला आवाज, मग परिणाम. पुन्हा मारहाणच. लॅटिनवाल्यांना आवाज म्हटलं की हात उगारल्याशिवाय सुचतच नसावं.

---

पडद्यामागचा | गुरुवार, दुपारी २:१०

ताई, तुम्ही नाम शोधताय म्हणून अडतंय. क्रियापद घ्या. 'गोळीचा आवाज घुमत राहतो.' यात दुसरी गोळी कोणाला दिसणार नाही आणि जागा बंदिस्त आहे हेही कळतं. ओळ लांब होत असेल तर 'गोळीचा आवाज घुमतो'. 'दणाणतो'ही चालला असता, पण दणाणणं एका क्षणाचं, त्यात शेपूट नाही. निनाद मंदिरासाठी राखून ठेवा.

कड्यावरची हाक: 'हाक दोनदा परत येते'. प्रतिध्वनी लिहिलंत तरी चूक नाही, पण किती वेळा येते हे ऐकू न येणाऱ्याला कळायलाच पाहिजे, गोष्टीत त्याला अर्थ असणार.

घंटेला मूळ इंग्रजीच ढिलं आहे. मोकळ्यावरची घंटा रिव्हर्बरेट होत नाही, घंटा स्वतःच वाजत राहते. धातू थरथरतोय तोवर आवाज. 'घंटेचा नाद लांबत जातो' लिहा. सतार-तबलावाले यालाच 'आस' म्हणतात, पण तो शब्द कॅप्शनमध्ये घालू नका, अर्ध्या लोकांना आशा वाटेल.

---

अनुस्वार | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

चारही तसेच टाकले, पास झाले. शब्दसूचीत दुरुस्ती सुचवणारी मेलही केली आहे, बघू.

जाता जाता एक. त्याच भागाच्या शेवटी 'प्लँजंट व्हायोलिन' आलंय. कोशात 'मोठा, घुमणारा, शोकपूर्ण' असं तिन्ही एकत्र दिलंय. 'घुमणारं, शोकाकुल व्हायोलिन' लिहू का?

---

शब्दखोर | गुरुवार, रात्री ८:१५

हा तर आपल्या घरचाच निघाला. लॅटिन 'प्लांगेरे' म्हणजे आपटणे, बडवणे. त्यातून छाती बडवून शोक करणे. मराठीत ऊर बडवणे म्हणतो तेच, तंतोतंत. कम्प्लेंट त्याच धातूचा. लाटा किनाऱ्यावर आपटतात त्या आवाजालाही इंग्रज कवी प्लँजंट म्हणतात. पण व्हायोलिनला ऊर बडवायला लावू नका, 'आर्त' घ्या.

---

पडद्यामागचा | गुरुवार, रात्री ८:४०

व्हायोलिन कुठे वाजतंय? घरात की बाहेर?

---

अनुस्वार | गुरुवार, रात्री ८:५२

बाहेर. कापणी झालेलं शेत, लांबवर काही नाही, एकटा म्हातारा वाजवतोय.

---

पडद्यामागचा | गुरुवार, रात्री ९:०५

मग 'घुमणारं' काढून टाका. तिथे परत मारायला भिंतच नाही. 'व्हायोलिनचा आर्त सूर' पुरे, आणि तुमची अक्षरंही वाचतील.